आबांची मोटार आणि हळदीचं खळं

माझे वडील मोटार चालवत आणि त्यांना दिसत नव्हतं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू नयेत, हे कुणालाही कळेल. आमच्याकडे मात्र ते महिनोन्‌महिने चाललं, आणि चालू देणाऱ्यांत मीही होते.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते साठीला आलेले. वसमतहून औंढ्याला जाणारी सर्व्हिस मोटार त्यांच्या हाती होती. मोटार मालकाची, पण रुबाब सगळा आबांचा. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मालकाने तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून घेतली. तेव्हापासून मोटार धापा टाकत चाले, चढ आला की उतारूंना खाली उतरवी. आबांना मात्र आयतं निमित्त मिळालं. डोळे चोळताना कुणी पाहिलं की म्हणत, "कोळशाचा धूर हाय बाबा, दुसरं काय!" सुट्टीच्या दिवशी घरात बसल्या बसल्याही हा धूर त्यांच्या डोळ्यांत जाई.

मला कळलं ते दिवाळीत. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, माहेरपणाला आले होते. संध्याकाळी आबा घरात शिरले आणि खुंटीवर टांगलेल्या स्वतःच्याच कोटाला म्हणाले, "या, बसा. कवा आले?" आई चुलीपाशी होती, तिने ऐकलं नाही. मी ऐकलं. हसू आवरेना म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि मग ध्यानात आलं. कोटाशी बोलणारा हा माणूस उद्या सकाळी वीस-पंचवीस जीव घेऊन निघणार होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या मोटारीने औंढ्याला जाऊन आले. तेव्हा उलगडा झाला. मोटारीवर क्लीनर होते चाचा. आबांच्याच वयाचे, आमच्या मागच्या गल्लीत राहायचे, आणि मोटार आली तेव्हापासून दोघांची जोडी. चाचा डाव्या अंगाला पायरीवर उभे राहत आणि तळहाताने पत्र्यावर ठोके देत. उतारूंना वाटे, म्हाताऱ्याला चाळा आहे. चाळा कसला! एक ठोका म्हणजे समोर बैलगाडी, दोन म्हणजे उजवं वळण, तीन म्हणजे डावं. आबा रस्त्याकडे तोंड करून बसत, पण मोटार हाकत ती कानांनी.

परतल्यावर मी चाचांना गाठलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. ते शांतपणे पान जुळवत म्हणाले, "बेटी, म्या हाय ना. बराबर नेऊन राहिलो. तू कायले तकलीफ घेती?"

यावर मी आबांशी बोलायला हवं होतं. बोलले नाही. आता खरं कारण सांगते. मोटारीवर बसलेले आबा मला फार आवडत. खाली उतरले की ते एक ठेंगणे, गरीब स्वभावाचे गृहस्थ होते, आईसुद्धा त्यांना फारसं विचारायची नाही. वर चढले की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस त्यांना रामराम घाली. तो रामराम आपल्या तोंडाने बंद करायचा, हे माझ्याने होईना. दिवाळी संपली, मी सासरी गेले, आणि रोज संध्याकाळी मोटार परतायच्या वेळेला माझा जीव टांगणीला लागायचा.

महाशिवरात्रीला मी पुन्हा आले. औंढ्याच्या महादेवाची जत्रा, मोटार खच्चून भरलेली. मी पुढे आबांच्या शेजारी. वाटेतल्या हट्टा गावची एक भजनी मंडळी चढली होती. टाळ होते, गळे होते, पण पखवाज मात्र घाईत घरीच राहिला होता. त्यावरून एकमेकांना शिव्या देऊन झाल्यावर त्यांनी मोटारीच्या पत्र्याचाच पखवाज केला.

आबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. चाचा बाहेरून जीव तोडून ठोके देत होते, पण दहा-बारा दांडग्या हातांपुढे त्यांचा एक म्हातारा हात कुठे ऐकू येणार? ते ओरडले, तेही टाळांत बुडालं. तेवढ्यात अभंग संपला, सगळ्यांनी "हर हर महादेव" केला आणि पत्र्यावर दोन सणसणीत दणके दिले.

आबांनी इमानेइतबारे मोटार उजवीकडे वळवली.

उजवीकडे रस्ता नव्हताच. तिथे एक खळं होतं, आणि शिजवलेली हळद उन्हात पसरलेली. मोटार सावकाश, अगदी डौलात त्या हळदीवरून निघाली. पलीकडे बाभळीला झोळी टांगलेली होती. झोळीतून एक इवलासा पाय बाहेर आला होता आणि हलत होता.

"आबा, लेकरू!" मी किंचाळले. "थांबा, समोर लेकरू हाय!"

त्यांनी ब्रेकवर सगळं अंग टाकलं. मोटार थांबली. झोळी आणि मोटारीचं नाक यांत चार हातांचं अंतर राहिलं असेल. लेकराची झोपसुद्धा मोडली नाही.

मोडली ती त्याच्या आईची. ती हळद शिजवायच्या कढईपाशी डुलक्या घेत होती. उठली, आधी लेकरू छातीशी धरलं आणि मग जी तोंड सोडून सुटली ती आवरेना. भजनी मंडळी मुकाट्याने उतरून चेंगरलेली हळद वेचू लागली. सगळ्यांचे हात, धोतरं, मोटारीची चाकं पिवळीधमक झाली. त्यातही एकजण बोललाच, "लगीन कुनाचं लागून राहिलं म्हनायचं?" मला त्याला बदडावंसं वाटलं आणि हसूही फुटलं.

आबा त्या बाईसमोर जाऊन उभे राहिले. धूर म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "माय, मले दिसत न्हाई."

बाईच्या तोंडाचा पट्टा एकदम थांबला. ती म्हणाली, "मंग हाकता काहून?"

"चुकलं. आता न्हाई हाकत."

मंडळींचे हळद वेचणारे हात जागच्या जागी थांबले. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे इतके दिस आमाले महादेवच नेऊन राहिला व्हता की!" त्याने तिथूनच औंढ्याच्या दिशेला हात जोडले.

आबा शब्दाला पक्के निघाले. एवढी मोटार रस्त्यावर तरी आणून द्या म्हणून सगळ्यांनी विनवलं, पण ते चाकाला हात लावेनात. चाचांना मोटार हाकता येत नव्हती. शेवटी त्या बाईच्याच नवऱ्याने दोन बैलजोड्या आणून जुंपल्या. पुढे बैल, मागे पिवळ्या चाकांची मोटार, आत भजन करणारी मंडळी आणि चाचा आसूड हातात घेऊन आघाडीला, अशी आमची स्वारी औंढ्याला निघाली. रस्त्यातली माणसं पोट धरून हसली.

आबा आणि मी मागून पायी चाललो होतो. त्यांनी माझा खांदा धरला होता. थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं,

"तुले कवापसून ठावं व्हतं?"

"दिवाळीपसून."

"मंग बोलली काहून न्हाई, पोरी?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

आबा थांबले. माझ्या खांद्यावरची बोटं घट्ट झाली.

"मले वाईट वाटलं असतं," ते म्हणाले, "अन् त्या लेकराच्या मायले?"