डॉक्टरीणबाईंच्या इंजिनाचं झाकण

तेव्हा मी घाटकोपरला, आग्रा रोडलगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये फिटर होतो. पन्नासच्या दशकाची मधली वर्षं असतील. जुन्या मोटारी पुन्हा चालत्या करायचं आमचं काम. आमचे मिस्त्री मालवणकडचे. इंजिन ते उघडायचे आणि त्यातले ॲल्युमिनियमचे भाग घासून नव्यासारखे करायचं काम माझ्याकडे असायचं.

एक दिवस एका डॉक्टरीणबाईंची विलायती गाडी ओढून आणली. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून त्यांनी ती ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती, ती तशीच राहिली. बाई साठीच्या पुढच्या, एकट्या, दवाखाना बंद केलेला. एके काळी हीच गाडी स्वतः हाकत त्या मुलुंडपासून माहुलपर्यंत बाळंतपणं करत हिंडायच्या.

इंजिनावरचं लांबट झाकण, आम्ही त्याला टॅपेट कव्हर म्हणायचो, ते ॲल्युमिनियमचं होतं. वर पांढरी बुरशी आल्यासारखं झालेलं, कडेला जळक्या तेलाचे थर. ते थर लाकडी पट्टीने खरवडायला अर्धा दिवस गेला असता. शेडच्या मागे कॉस्टिक सोड्याची गरम टाकी असे, लोखंडी भागांसाठी. ॲल्युमिनियम तिच्यात घालायचं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी वाटलं, एकदा बुडवून लगेच काढू, कोणाला कळणारे!

झाकण आत गेलं आणि टाकी उकळल्यासारखी फसफसली. धूर नाकात गेला, मी मागे सरलो, त्यात चिमटा हातातून निसटला. झाकण बाहेर काढेपर्यंत ते कोळशासारखं काळं झालं होतं आणि वर बारीक खड्डेच खड्डे.

मिस्त्री धावत आले. "मेल्या, काय केलंस ह्यां? तुका सांगललंय मां मी?" मग डोक्याला हात लावून खाली बसले. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाले, "बाईंका सांग, खाऱ्या हवेन खाल्ल्यान. पंधरा वर्षां गाडी पडान होती. कोण विचारतलो?"

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. मी ते खाऱ्या हवेचं वाक्य मनात चार वेळा घोकलं होतं. पण त्यांनी ते काळं झाकण दोन्ही हातांत घेतलं आणि माझ्याच्याने ते खोटं बोलवेना.

"बाई, हे माझ्या हातून झालं," मी म्हटलं. "माहीत असून केलं. मेहनत वाचवायला."

मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आज नोकरी गेली. बाई झाकण घेऊनच स्टुलावर बसल्या, मला समोरच्या खोक्यावर बसायला लावलं.

"तू सांगितलंस तरी," त्या म्हणाल्या. "मी नाही सांगितलं कधी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. गाडी नवीन, पंधराच दिवसांची. माहुलला एक पहिलटकरीण अडली होती. बाईंनी तपासलं, म्हणाल्या, अजून वेळ आहे. आणि चेंबूरला मैत्रिणीकडे गेल्या, गाडी दाखवायला. चहा झाला, गप्पा झाल्या. परत आल्या तेव्हा बाळ गेलेलं होतं, आई बेशुद्ध. सासूला त्या म्हणाल्या, देवाची इच्छा.

"आणि त्या माउलीने पुढच्या दोन्ही बाळंतपणांना मलाच बोलावलं रे," बाई म्हणाल्या.

मी त्या झाकणावर नऊ दिवस घालवले. सोनाराकडून तेजाब आणून पाण्यात मिसळलं, त्यात धुतल्यावर काळं निघालं. मग रॉकेलमध्ये भिजवलेला पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग मऊ, मग आणखी मऊ. शेवटी मोटरवरचं कापडी चाक. बोटांची सालं गेली. झाकणात तोंड दिसायला लागलं, पण एका बाजूचे खोल खड्डे काही जाईनात.

"अजून घासतो," मी बाईंना म्हटलं.

"नको. पातळ होईल. मग फुटेल. बसव."

इंजिन सुरू झालं त्या रविवारी बाई म्हणाल्या, "वाटेत बंद पडली तर? तू चल बरोबर." कुठे, ते चेंबूर मागे पडल्यावर कळलं. तेलाच्या कारखान्यांच्या टाक्या तेव्हा नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या पलीकडे माहुलचा कोळीवाडा.

बाळ गेलेली ती कोळीण दारात बोंबील वाळत घालत होती. चाळिशीची, दांडगी. डॉक्टरीणबाईंना पाहून तोंडभर हसली, पाट टाकला. बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. चेंबूर, मैत्रीण, चहा, काही वगळलं नाही. मी गाडीपाशी उभा होतो, मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

हातातला बोंबील कोळणीने दोरीवर नीट टाकला. मग विचारलं, "पोरगा व्हता का पोरगी?"

बाईंना क्षणभर कळलंच नाही.

"मना कोनी सांगलाच नाय," ती म्हणाली. "सासू म्हने, इचारू नको."

"मुलगी," बाई म्हणाल्या. "केस खूप होते. काळेभोर."

कोळीण मटकन पाटावर बसली आणि रडली. बाईही तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. क्षमा केली की नाही, ते मला सांगता येणार नाही. दोघींपैकी कोणी तो शब्द काढला नाही. निघताना तिने आम्हाला पाणी दिलं, एवढंच.

घाटकोपरला आल्यावर बाई शेडपाशी गाडी थांबवून म्हणाल्या, "इंजिन फार तापलंय का, बघ जरा."

पुढे पावसाळा संपल्यावर एकदा मी सायकलवरून चेंबूर नाक्याजवळून चाललो होतो. बाईंची गाडी समोरून गेली. शेजारच्या सीटवर ती कोळीण बसली होती, मांडीवर टोपली घेऊन, आणि हात हलवून हलवून बाईंना काहीतरी सांगत होती.