रिकाम्या गावातल्या चुली

मला देवी आल्या तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. होळी सरली होती आणि रानात मोहफुलं पडायला लागली होती. चामोर्शीच्या पुढे, जंगलाला टेकून आमचं धानाचं गाव. माझ्याआधी गावातली दोन पोरं दगावली होती. माझ्या अंगभर फोड उठले तसं सगळ्यांनी गाव सोडून नाल्यापलीकडे, शेतात खोपटी बांधून राहायचं ठरवलं. दुखणाइताला सोबत न्यायचं नाही, असंही ठरलं. दुखणाईत तेव्हा मी एकटीच होते.

बाप धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन गेला. माय माझ्यापाशी राहिली. तिला लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या. बाप अधूनमधून नाल्याच्या काठी तांदूळ ठेवायचा आणि ओरडून विचारायचा, पोरगी आहे का. माय इकडून सांगायची, आहे.

माझे डोळे चिकटून बंद झाले होते, त्यामुळे ते रिकामं गाव मी फक्त ऐकलं. कुत्री माणसांच्या मागे निघून गेली. मग गल्लीतून सरकणारी सागाची वाळली पानं तेवढी उरली. दिवस कलला की माय उठून बाहेर जायची, आणि शेजारच्या दारातून तिचा आवाज यायचा, "काय वो बाई, सैपाक झाला का?" मग ती थांबायची, कोणी उत्तर द्यावं तितका वेळ. मग हसायची आणि पुढच्या दारी जायची. मायचं डोकं फिरलं तर आपल्याजवळ कोण राहणार, हेच मनात यायचं.

एकदा ती कडुनिंबाच्या पाण्याने माझे डोळे पुसत होती, तेव्हा मी विचारलं, रिकाम्या दारात कोणाशी बोलते.

"घराले माणसाचा आवाज लागते," ती म्हणाली. "चूल पेटली नाई, कोणी बोललं नाई, तं घराचं रान होते. मंग अस्वल येते, साप येते." म्हणून ती रोज दोन-तीन घरांतल्या चुली पेटवून धूर करत होती.

"पण बोलून थांबते काऊन?"

"थांबलं तं बोलणं वाटते, पोरी. नाई तं नुसती बडबड होते."

आणि एका दुपारी शेजारच्या घरात जातं फिरायला लागलं. माय तेव्हा माझ्या पायाशी बसून ओलं फडकं ठेवत होती. तिचा हात थांबला. जातं सावकाश, खरोखरचं धान्य घातल्यासारखं फिरत होतं. मी तिचं मनगट घट्ट धरलं. ती बघायला उठली नाही.

"दळू दे," एवढंच म्हणाली.

थोड्या वेळाने आवाज बंद झाला. संध्याकाळी त्या दाराशी तिने हाक मारली नाही. उंबऱ्यावर चिमूटभर तांदूळ ठेवून आल्याचं तिने परत येऊन सांगितलं.

खपल्या पडल्या. माझा डावा डोळा उघडला, उजवा कायमचा गेला. पेरणीआधी लोक परत आले. त्यांना अंगणं सारवलेली दिसली, चुलीत ताजी राख दिसली. काही जणी मायच्या पाया पडल्या. काहींनी चुली फोडून नव्या घातल्या. ही बाई कोणासाठी रांधत होती, असं त्या कुजबुजायच्या. शेजारणीने विचारलं, माझ्या घरी कोणी आलं होतं का. माय म्हणाली, "मीच येत होती."

काही वर्षांनी गावात पुन्हा देवी आल्या. गाव या वेळी उठलं नाही. ज्या घरी दुखणं होतं, तिथून मायला बोलावणं यायचं. तिने मलाही सोबत घेतलं. मला स्थळ येत नव्हतं, आणि चारचौघांत मी पदराने तोंड झाकून घेत असे. पहिल्याच घरी डोळे चिकटलेल्या एका लहान पोरीने चाचपडत माझ्या तोंडावर हात ठेवला. तिची बोटं वणांवरून फिरली.

"तुले बी आल्या होत्या?"

"हो."

"आन् तू जगली?"

"जगली."

हात तसाच ठेवून ती झोपली. मी पदर ओढला नाही. त्या घरात तिचा भाऊ गेला, ती वाचली. दुसऱ्या घरून बोलावणं आलं तेव्हा माय त्या पोरीच्या उशाशीच बसून राहिली. "तू जा," म्हणाली. मी एकटीच निघाले.