महाडची रूम आणि मामांची बादली

संतूचा फोन आला तेव्हा मी माठ विसळत होते. संतू माझा मामेभाऊ, कुडपणला शेती बघतो. "ताई, बाबा गेले... सकाळचा चहा घेतला, ओटीवर टेकून बसले, ते बसलेच." गणूमामा ब्याऐंशीचे होते. रडारड करावी असं त्यांनी काही मागे ठेवलं नाही. तरी महिना उलटला, अजून माठाला हात लावला की माझे डोळे भरतात. का, ते सांगते.

गणूमामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. मिसरूड फुटायच्या आत कुडपणचा डोंगर उतरून मुंबईला गेले आणि एका मोठ्या हॉटेलात चाळीस वर्षं वेटर होते. सुट्टीला आले की आम्हा भाचरांना पाणी वाढतानाही त्यांचा डावा हात पाठीमागे असायचा. आम्ही फिदीफिदी हसायचो. पण मी शिक्षिका व्हावं म्हणून माझ्या वडिलांशी भांडणारा सगळ्या गोतावळ्यात हा एकच माणूस होता. महाडच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं, ते त्यांच्यामुळे. आणि त्याची फेड मी कशी केली? मुलीच्या सासरच्यांसमोर त्यांची नोकरीच बदलून टाकली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मानसीचं लग्न ठरलं होतं आणि पुण्याचे व्याही-विहीण पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते. महिना मे. "आई, ते जेवताना थोडी रेड वाइन घेतात," मानसीने आधीच सांगून ठेवलं होतं. आमच्या घरात तोवर कोकम सरबतापलीकडे काही आलेलं नाही. ह्यांनी बाटली आणली. मी पडले मास्तरीण, अभ्यास केल्याशिवाय राहते कशी! रेड वाइन रूम टेम्परेचरला द्यावी, असं कुठेतरी वाचलं आणि बाटली दोन दिवस स्वयंपाकघराच्या फळीवर मांडून ठेवली. फ्रीजमध्ये ठेवू म्हणणाऱ्याला दम दिला.

पाहुणे आले. मामा तेव्हा डोळे दाखवायला आमच्याकडे आले होते. मी ओळख करून दिली, "हे माझे मामा. मुंबईला हॉटेलात ऑफिसला होते." कसं तोंडातून गेलं, कळलंही नाही. खरं सांगायचं तर कळलं होतं. लाज वाटली होती मला. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाहुण्यांना हात जोडले.

मग ते माझ्या मागोमाग आत आले. फळीवरच्या बाटलीला त्यांनी उलटी बोटं लावली, पोराच्या कपाळाला लावतात तशी.

"हिला ताप हाय गो."

"अहो मामा, रूम टेम्परेचरलाच द्यायची असते. वाचलंय मी."

"कुनाच्या रूमच्या? लिवनारा स्वेटर घालून जेवायला बसत असंल. ही महाडची रूम हाय."

माझा चेहरा उतरला. मी बाटली डीप फ्रीजरमध्ये कोंबायला निघाले, तर त्यांनी ती काढून घेतली. बादलीत माठाचं पाणी, त्यात बर्फाचे दोन ट्रे, आणि बाटली गळ्यापर्यंत आत. स्वतः शेजारी पाट घेऊन बसले. "लय गार केली तर मुकी होते, चवच लागत नाय. गरम दिली तर नुसता भपकारा. माठातल्या पान्याहून जरा थंड, बस." वीसेक मिनिटांनी बाटली काढली, पंच्याने पुसली, पुन्हा उलटी बोटं लावली आणि मान हलवली.

वाढायलाही तेच गेले. डावा हात पाठीमागे, ग्लास तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, शेवटी मनगटाला हलकी गिरकी. माझ्या नव्या टेबलक्लॉथवर थेंब पडला नाही. व्याह्यांनी घोट घेतला आणि थांबले. "मामा, आमच्याकडे एवढी छान कधी लागत नाही. कुठे शिकलात हो?"

मामा शांतपणे म्हणाले, "हापिसात. सायेबलोकांचं बघून बघून." मग व्याह्यांना आत नेऊन बादलीही दाखवली. माझं खोटं त्यांनी पाहुण्यांसमोर स्वतःच्या अंगावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कुडपणला निघून गेले.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी कुडपणला गेले तेव्हा धीर करून बोलले. "मामा, त्या दिवशी मी खोटं बोलले..." ते सुपारी कातरत होते. "पाव्हन्यासमोर घराची बाजू राखावी लागते गो. मला राग नाय." मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "पन एकदा सांग त्यांना. हापिसातल्या मानसाचा हात असा नसतो."

सांगते म्हणाले. आज, उद्या, मानसीच्या बाळाच्या बारशाच्या गडबडीनंतर... आणि मामा गेले.

तेराव्याला व्याही-विहीण कुडपणला आले. जेवणं झाल्यावर ओटीवर, सगळ्या भावकीसमोर मी म्हटलं, "मामा ऑफिसात नव्हते. चाळीस वर्षं वेटर होते. मी तुमच्याशी खोटं बोलले." व्याही म्हणाले, "तरीच. मी कितीदा करून पाहिलं, ती मनगटाची गिरकी काही जमत नाही. बादली मात्र शिकलो." विहीणबाईंनी माझा हात हातात घेतला.

निघताना संतूने मला मामांचा इस्त्री केलेला पांढरा नॅपकीन दिला. तो आता माझ्या माठावर असतो. पाणी घ्यायच्या आधी माठाला उलटी बोटं लावायची सवय लागली आहे. आल्यागेल्याने विचारलं, एवढा छान नॅपकीन माठावर कसला, तर सांगते, माझ्या मामांचा आहे. ते वेटर होते.