बापुरावांच्या वावरात पडलेली लाइन

"मॅडम, माह्या वावरात लाइन पडली हाये. पार मधातून. तुमी लवकर या."

"काकाजी, जवळ कोणी आहे का?"

"मी हाओ. बैलं हायेत. वखर जुपलेलाच हाये."

"बैल दूर न्या आधी! तुम्हीही मागे व्हा!"

"काहून?" पलीकडून विचारलं गेलं आणि फोन कट झाला. परत लावला तर स्विच ऑफ. आवाज ओळखीचा होता, बापुरावांचा; त्यांचं वावर आम्हाला माहीत होतं.

तेव्हा मी दर्यापूरच्या पुढच्या भागात वीज अभियंता होते. आमच्या धंद्यात 'लाइन पडली' याचा अर्थ एकच: विजेची तार तुटून जमिनीवर आली. अशी तार दिसायला मेलेली असते, पण तिच्यात करंट असू शकतो. आसपासच्या मातीतही तो पसरतो. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे त्याला माणसाआधी झटका बसतो. अशा वेळी विचार करत बसायचं नसतं. मी उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन लावला आणि त्या भागाचा फीडर बंद करायला सांगितलं. फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघून गावांना वीज पुरवणारी मुख्य वाहिनी. तो बंद केला की त्याच्यावरची सगळी गावं एकदम अंधारात. दिवस होता म्हणून अंधार नव्हता, एवढंच.

लाइनमन गजाननभाऊंना घेऊन जीपमध्ये बसले आणि फोन सुरू झाले.

"मॅडम, लाइन कावून गेली? पोरीचा साखरपुडा हाये, मंडपात पंखे बंद पडले."

"मॅडम, बँकेत इथून तिथवर लाइन लागली अन् लाइनच नाही. कॉम्प्युटर बंद."

गजाननभाऊ हसले. "एकाच वाक्यात दोन लाइनी."

मला हसू येत नव्हतं. डोळ्यांसमोर बैल होते. तेवढ्यात अमरावतीहून साहेबांचा फोन.

"फीडर कोणी बंद केला?"

"मी, सर. वावरात तार पडल्याचा फोन आहे."

"कन्फर्म आहे?"

"जाऊन कन्फर्म करते."

"बरं. पोचल्याबरोबर सांग."

वावरात पोचलो तर वरच्या तारा जागच्या जागी, ताणलेल्या. बैल वखराला जुंपलेले, शांतपणे रवंथ करत उभे. बाजूला बापुराव, कपाळाला हात लावून बसलेले. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्यासाठी वखरणी चालली होती. ती मधेच थांबली होती.

"तार कुठे आहे, काकाजी?"

"तार कोनं म्हनली? लाइन म्हनलो मी. थे पाहा."

काळ्या मातीवर पांढरीशुभ्र चुन्याची रेघ होती. धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून निघून थेट विहिरीवरून गेलेली. मधे मधे खुंट्या ठोकलेल्या.

"अहो, ही चुन्याची लाइन आहे!"

"मंग? थे लाइन नसते का?"

गजाननभाऊ तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आम्ही दोघांनी वरची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहून घेतली आणि मी फीडर चालू करायला सांगितला. ऑपरेटरने विचारलं, "मॅडम, कारण काय लिहू?"

"लिहा, तपासणी केली, बिघाड सापडला नाही."

मग बापुरावांजवळ बसले. त्यांची अडचण मात्र खरी होती.

"मॅडम, या रेघंवर खांब येतीन म्हनते. इहिरीवरून तार गेली, तं मोटर जळल्यावर मी थे काढू कशी? लोखंडी पाइप उभे धरून वर वढा लागते. पाइप तारेले टेकला का मानूस खल्लास."

ते अगदी बरोबर बोलत होते. अशा अपघातांच्या चौकशीला मी गेले आहे.

"मग वखरणी का थांबवली?"

"सरकारी रेघ. मोडली अन् केस लागली तं?"

नवीन तारांचं काम आमचंच होतं, पण मंजूर नकाशात ती रस्त्याच्या कडेने होती. वावरातून कशी आली? ठेकेदार मनोजभाऊ अकोल्याचे. त्यांना फोन लावला.

"मॅडम, तुमच्या साहेबांनीच तं सांगितलं, जुन्या लाइनच्या बाजूनं जा. आमी जुन्या लाइनच्याच बाजूनं आलो ना."

मी मान वर केली. वावरापलीकडे बाभळी माजलेला भराव होता. त्यावर गंजलेले रूळ. छोट्या गाडीची, म्हणजे नॅरोगेज रेल्वेची बंद पडलेली लाइन. चुन्याची रेघ तिला अगदी समांतर होती. मनोजभाऊंनी काम इमानदारीनं केलं होतं.

"भाऊ, साहेब तारांची जुनी लाइन म्हणाले. रस्त्याकडची."

"असं का? आमच्याकडे जुनी लाइन म्हटलं का रेल्वेचीच, मॅडम. अन् नकाशा मी पाहणारच होतो, खांब आल्यावर."

आता मलाही हसू आवरेना. साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "मी क्लिअर सांगितलं होतं गं." आणि त्यांनाही हसू फुटलं.

मनोजभाऊ दुपारी अकोल्याहून आले. नकाशा बोनेटवर पसरून आम्ही रस्त्याच्या कडेने चालत नव्या खुणा केल्या. वावरातल्या खुंट्या त्यांनी स्वतः उपटल्या.

"काकाजी, मोडा आता ती रेघ," मी म्हटलं.

"पक्कं? केस गिस?"

"माझ्यासमोर मोडा."

बापुरावांनी बैलांना हाक मारली. वखर चुन्यावरून गेला आणि पांढरं काळ्यात मिसळलं. विहिरीपर्यंत जाऊन त्यांनी बैल वळवले आणि काही उरलं असेल म्हणून पुन्हा एक फेरी मारली. मग त्यांच्या घरी चहा झाला. साखर चमच्याने नाही, मुठीनं घातलेली.

आल्यावर मी ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नियम टाकला: नुसतं 'लाइन' कोणी म्हणायचं नाही. तार म्हणा, फीडर म्हणा, रेघ म्हणा, रांग म्हणा. सगळ्यांनी अंगठे दाखवले. त्याच संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला: "लाइन स्टाफने ऑनलाइन हजेरी लावून, लाइन क्लिअर घेऊनच लाइनवर जावे." लाइन क्लिअर म्हणजे तारेतली वीज बंद असल्याची खात्री करून दिलेली परवानगी, ती घेतल्याशिवाय खांबावर चढायचं नसतं. त्या मेसेजवरही सगळ्यांनी अंगठे दाखवले. कोणती लाइन, असं एकानेही विचारलं नाही. सगळ्यांना बरोबर कळलं होतं.

नियम मी मागे घेतला. आता माझी बदली अमरावतीला झाली आहे. पण लाइन पडल्याचा फोन आला की अजूनही फीडर आधी बंद करते, अर्थ नंतर विचारते.