चवड्यावर उभी राहणारी गाडी

“आधी ऐकायचं, मग पाना उचलायचा,” हे पंपवाल्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक पाण्याच्या पंपाचं रडगाणं सांगू लागलं की तो हात वर करून त्याला गप्प करी. मग लाकडी दांडीचं एक टोक पंपाला लावी, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून घेई. थोड्या वेळाने म्हणे, “हवा धरलीय.” दहातल्या आठ पंपांनी हवाच धरलेली असे. तो एक स्क्रू सैल करी, फुस्स करून हवा निघे, पाणी चढे, आणि त्याने जणू खडकातून झराच काढला अशा नजरेने लोक त्याच्याकडे बघत.

अंगाने भरलेला माणूस, चालणं जड. पावलाची टाच आधी पडायची. तो जिना चढू लागला की वरच्या खोलीतली भांडीच सांगायची कोण येतंय ते.

जीव मात्र त्याचा पंपात नव्हता. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भंगारातून आणलेल्या एका जुन्या चार दारांच्या गाडीत होता. शर्यतीसाठी सहा वर्षं तो ती गाडी घडवत होता. मागची सीट काढली, दारांची अस्तरं काढली, रेडिओ आणि हीटर काढले. जे निघे ते वजनकाट्यावर ठेवी आणि आकडा भिंतीवर खडूने लिही. एका कार्बोरेटरचे दोन केले. पंपाचे पाइप तापवून, वाकवून धूर बाहेर सोडणारी नळी स्वतः बनवली. घोगरं इंजिन हळूहळू खणखणीत बोलू लागलं, आणि त्या आवाजाने शेडचे पत्रे थरथरले की त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू पसरे.

गाडी चालवायची त्याची धाकटी बहीण. एरवी ती शाळेची व्हॅन चालवी, आणि मागे बसलेल्या मुलांच्या डब्यातलं कालवण कधी सांडलं नाही याचा तिला अभिमान होता. शर्यतीसाठी तिलाच का बसवलं, असं कुणी विचारलं तर ती सांगे, “दादा बसला तर काढलेलं सगळं वजन परत आत येईल.”

शर्यत वर्षातून दोनदा, बंद पडलेल्या धावपट्टीवर. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, खांबावरचा हिरवा दिवा लागला की सुटायचं, पाव मैल सरळ. दहा-पंधरा सेकंदांत सगळा खेळ संपतो. टोकाला टाइमकीपरच्या यंत्रातून वेळेची चिठ्ठी निघते. या गाडीची चिठ्ठी कधी चौदा पॉइंट तीन, कधी चौदा पॉइंट दोन. इंजिन किती सुधारलं तरी चौदाच्या खाली येईना. लोक गाडीला ‘चौदा’ म्हणू लागले, मग त्यालाही. “काय चौदाशेठ, बरं आहे ना?” तो हसे, पण त्याचे कान लाल झालेले बहिणीला दिसत.

आणि दर फेरीनंतर ती एकच गोष्ट सांगे. “दादा, सुटताना गाडी चवड्यावर उभी राहते.”

“चवडे माणसाला असतात, छकुले. गाडीला टायर असतात,” असं म्हणून तो दांडी इंजिनाला लावी.

त्या दिवशी सकाळी निघतानाच बहिणीने सांगून टाकलं होतं. “आज तीन फेऱ्या. तेराचा आकडा दिसला नाही, तर पुढच्या वेळी दुसरा ड्रायव्हर बघ. सहा वर्षं तू इंजिनाला विचारतोयस. चालवणारीला एकदा तरी विचार.”

पहिली फेरी चौदा पॉइंट दोन झाली. दुसरी चौदा पॉइंट तीन. त्याने बॉनेट उघडलं, दांडी टेकवली, डोळे मिटले.

बहिणीने हेल्मेट काढलं. “काय म्हणतंय?”

“काहीच नाही. ठणठणीत आहे.”

“मग आता माझं ऐक. पंपवाल्याला हे मी सांगावं लागतं का? आधी ऐकायचं म्हणतोस, आणि बोलणाऱ्यालाच गप्प करतोस.”

त्याने दांडी बाजूला ठेवली. तो म्हणाला, “चवड्यावर म्हणजे कशी, दाखव.”

ती डांबरावर चवड्यांवर उभी राहिली. “ढकल.” त्याने बोटाने ढकललं तर ती तोल जाऊन चार पावलं पुढे गेली. मग पावलं सपाट टेकवून उभी राहिली. “आता ढकल.” त्याने खांदा लावला, तरी ती हलली नाही.

तो सुटायच्या रेषेपाशी गेला आणि उकिडवा बसला. इतर गाड्यांच्या टायरांचे काळे पट्टे तळहाताएवढे रुंद होते. त्याच्या गाडीचे जेमतेम दोन बोटं. मागची टायरं तो पंपाच्या हातगाडीसारखी टणक भरायचा. टणक चाक हलकं पळतं, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. फुगलेलं टायर फक्त मध्ये टेकत होतं, जागेवरच घसरत होतं, आणि त्याने इंजिनात वाढवलेला सगळा जोर तिथेच धूर होऊन उडत होता.

तो खाली बसूनच हसू लागला. “जन्मभर लोकांच्या पंपातली हवा काढली, छकुले. आणि घरचीच राहिली.”

“काढ मग.”

“किती?”

“मी आत बसते. मी सांगेन तेव्हा थांब.”

त्याने व्हॉल्व्हवर नख दाबलं. फुस्स. तिने गाडी मागेपुढे हलवून पाहिली. “अजून.” फुस्स. “अजून थोडी. दुसरीकडचीही.” फुस्स. “बस्स. टेकली.”

हिरवा दिवा लागला. गाडी या वेळी किंचाळली नाही. तिने ढुंगण खाली घेतलं आणि अशी सुटली की बहिणीचं डोकं सीटला चिकटलं. धावपट्टीच्या कडेचं गवत एकच हिरवी रेघ झालं. दुसरा गिअर, तिसरा, हातात स्टिअरिंग जिवंत झाल्यासारखं, आणि तिला कळलं की ती हेल्मेटच्या आत एकटीच मोठमोठ्याने हसतेय.

टाइमकीपरने चिठ्ठी दोनदा वाचून दिली. तेरा पॉइंट आठ.

ती गाडी वळवून परत आली, खिडकीतून चिठ्ठी पुढे केली. त्याने ती वाचली, घडी करून खिशात ठेवली, पुन्हा काढून वाचली.

“पुढच्या वेळी कोण चालवणार?” तिने विचारलं.

“ते तूच सांग. मी ऐकतोय.”

मग त्याला आठवलं. सकाळपासून लाँड्रीवाल्या बाईंचा पंप बंद होता, आणि दुपारी येतो असं तो कबूल करून बसला होता. त्याने पिशवी खांद्याला अडकवली, दांडी काखेत धरली आणि धावपट्टीवरून फाटकाकडे चालू लागला.

बहीण गाडीतूनच बघत राहिली, मांडीवर हेल्मेट घेऊन. टोकावरून चालत आलेला टाइमकीपरही तिच्याशेजारी उभा होता.

“चौदाशेठची चाल काही वेगळीच दिसतेय आज,” तो म्हणाला.

तिलाही ते दिसलं होतं. इतका भरलेला माणूस, पण टाच जमिनीला लागत नव्हती. दादा फाटकापर्यंत चवड्यांवर चालत गेला.