मामाची विमानातली बॅग

महाराष्ट्र व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी, वैशाख लागता लागता, बोरी अरबला आमच्या दारात माझं लग्न लागलं. आमच्या गावानं तोवर विमान पाहिलं नव्हतं असं नाही. वर आभाळात एखादं घरघरत जायचं आणि शेतातल्या बाया कपाळावर हात धरून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहायच्या. पण विमानातून उतरलेला माणूस कोणी पाहिला नव्हता. तो मान माझ्या मामानं पटकावला. दिल्लीच्या सरकारी कचेरीत त्याला रजा मिळता मिळेना, म्हणून आगगाडी सोडून त्यानं नागपूरपर्यंत विमानाचं तिकीट काढलं आणि लग्नाच्या आदल्या दुपारी सर्व्हिस मोटारीतून कोट घालून उतरला. वैशाखात कोट! त्याच्या स्वागताला आलेली कुत्रीसुद्धा सावलीतून भुंकत होती.

मामाची वाट मी पाहत होते त्याहून आई जास्त पाहत होती. आमच्याकडे नवरी मांडवात येते ती मामानं आणलेलं पिवळं लुगडं नेसून, मामाच्याच हाताला धरून. आईचे वडील ती लहान असतानाच गेले. माहेर म्हणजे हा एकटा धाकटा भाऊ, तोही वारावर जेवून शिकलेला. त्यामुळे लग्नानंतर आईला माहेरून कधी चोळीचा खणसुद्धा आला नव्हता. आणि आमची आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, गावातच दिलेली. दर दिवाळीला ती ओसरीवर बसून विचारायची, "वयनी, माहेराहून काय आलं व?" आई हसायची आणि चुलीकडे जायची. तिचं ते हसणं मला मुळीच आवडायचं नाही. यंदा मात्र आईनं आत्याला आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, की लुगडं येऊन राह्यलं, दिल्लीहून, विमानानं.

मामानं बॅग ओसरीवर ठेवली. तांबूस चामड्याची, पितळी कोपऱ्यांची. मुठीला विमान कंपनीचा कागदी बिल्ला लोंबत होता. मामानं कोटाच्या खिशातून त्याच बिल्ल्याचा दुसरा तुकडा काढला.

"हा नंबर पाहा, आन् हा पाहा. विमानात सामान हरवतच नाही. मोटारीच्या टपावरच्यासारखं थोडंच हाय ते!"

वडिलांनी दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले. जुळले. ओसरीवरची मंडळी खूश झाली. एकेक जण पुढे होऊन स्वतः आकडे ताडून पाहू लागला, ज्यांना वाचता येत नव्हतं तेही. आत्या दाराला टेकून उभी होती.

"आकडेच दाखोवता का लुगडंही दाखोवता?" ती म्हणाली.

मग बॅग आतल्या खोलीत आली. खोलीत आई, वडील, मामा, मी आणि आत्या. मामानं किल्ली लावली. फिरेना. उलटी लावली. तीही फिरेना.

"वरची हवा पातळ असते ना, कुलूप आखडतं," मामा म्हणाला. वडील मचाणापेक्षा उंच कधी गेले नव्हते, पण त्यांनी जाणत्यासारखी मान हलवली आणि हातोडा आणला.

कुलूप तुटलं. वरच मोरपीस खोचलेला मुकुट होता. त्याखाली बासरी. मग खांद्यापर्यंत रुळतील असे कुरळे खोटे केस, जे मामानं उंदीर असल्यासारखे दोन बोटांत उचलले. अंगाला फासायच्या निळ्या रंगाची डबी, कागदी कमळं, चमचमत्या काठाचं एक पितांबर आणि त्याच रंगाचं उपरणं. लुगडं नव्हतं.

आत्यानं एकदा बॅगेत पाहिलं, एकदा आईकडे, आणि शब्द न बोलता बाहेर निघून गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. आई तरी बॅगेच्या तळाशी हात घालून चाचपत राहिली.

वडील विमान कंपनीवर तुटून पडले. तार करतो, नागपूरला जातो, त्या पायलटची गचांडी धरतो. मामा मात्र हातातल्या दोन्ही तुकड्यांकडे बघत खाली बसला. नंबर तर जुळत होते. विमानानं जी बॅग घेतली तीच दिली होती.

"ताई," तो म्हणाला, "पस्ताना."

आईनंच त्याला कळवलं होतं, की तू निघशील त्या दिवशी अमावास्या पडते, पस्ताना ठेवल्याबिगर निघू नको. चांगल्या वेळी सामान घराबाहेर काढून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग वाईट दिवशी माणूस निघाला तरी चालतं. मामानं आदल्या दिवशी बॅग शेजाऱ्यांकडे ठेवली. शेजारीही मराठी, तिथल्या मंडळाच्या नाटकात श्रीकृष्ण व्हायचे. दोघांनी एकाच दुकानातून एकसारख्या बॅगा घेतल्या होत्या, भावात सूट मिळाली म्हणून. निघायच्या गडबडीत मामानं त्यांच्या बैठकीतली बॅग उचलली ती श्रीकृष्णाची, आणि विमानतळावर मोठ्या अभिमानानं तिला आपला बिल्ला बांधून घेतला.

"म्याच सांगितलं होतं रे तुले," आई म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

आता तुम्ही म्हणाल, दुसरं लुगडं घ्यायचं. यवतमाळची शेवटची मोटार निघून गेली होती. जवळचं दुकान दारव्ह्याला, आणि दारव्ह्यात असलं लुगडं मिळायचं ते एकाच दुकानात, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या. तिथून मामाचं लुगडं आणायचं म्हणजे व्याह्यांच्या हातात दवंडीचा डफ देण्यासारखंच होतं.

मला इथे हसू फुटलं. लग्न तोंडावर, आई रडतेय, आणि मी श्रीकृष्णाचा मुकुट हातात धरून हसतेय. थांबता थांबेना. मामाही हसायला लागला, घाबरल्या माणसासारखा. मी पितांबर उचलून कमरेला लावलं. पिवळं तर होतंच. लांबी कमी पडत होती, पण पदराच्या बाजूला उपरणं जोडलं तर भागणार होतं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की आता थोबाडीत देते, आणि उठून सुई-दोरा घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी श्रीकृष्णाच्या पितांबरात मांडवात आले. मामानं हात घट्ट धरला होता, कारण पाऊल लांब टाकलं असतं तर उपरण्याचा टाका गेला असता. अंतरपाटामागे उभी राहून मी एकच गोष्ट मनात घोकत होते, की हसायचं नाही. अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या, आणि सासूबाई जवळ आल्या. कापडवाल्यांच्या घरची बाई ती. त्यांनी आशीर्वादाआधी काठ चिमटीत धरला.

"कोण्या गावचा माल हाय व हा?"

आई पांढरी पडली. त्यात भर म्हणजे मला घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि पदराला जोडलेल्या त्या उपरण्यात नाटकातला जुना निळा रंग मुरलेला होता. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत एक निळा ओघळ हळूहळू उतरत होता. सासूबाईंना तोही दिसला.

"आन् हे निळं काय?"

तेवढ्यात आत्या पुढे आली. संपलं सगळं, असं मला वाटलं. तिनं माझा हात उचलला, ओघळ बोटानं निपटून माझ्या गालावर नीट ओढला आणि ठणकावून म्हणाली, "दिल्लीचा माल हाय, ईनबाई. इमानानं आला. आन् तिकडं नवरीले निळं लावतेत, नजर लागू नाई म्हणून. तुमच्या दारव्ह्याले नाई का माहीत?"

दारव्ह्याला माहीत नाही असं सासूबाई कशाला कबूल करतील! "माहीत हाय ना, काहून नाई," त्या म्हणाल्या, आणि पुढे माझ्या धाकट्या जावेच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या गालाला नीळ लावली. सासरे तर तसल्या काठाचा माल कुठे मिळतो म्हणून मामाला कोपऱ्यात घेऊन विचारत होते. मामानं पत्ता दिला नाही.

पंगती उठल्यावर आईनं आत्याला माजघरात गाठलं. आत्याचा हात धरून ती बघतच उभी राहिली. आत्याच फणकारली, "पाहून काय राह्यली? घरात म्या काईबी बोलीन. पराई बाई कोण व तुले इचारणारी?"

मामा श्रीकृष्णाची बॅग घेऊन आगगाडीनं परत गेला. लुगडं पार्सलानं आलं ते आषाढात, मी माहेरी आले होते तेव्हा. हळदीसारखं पिवळं, रुंद तांबड्या काठाचं, हातात घेतलं की जड लागणारं. मी ते आईच्या मांडीवर ठेवलं. मांडव एकदाच असतो, माझा झाला, आता हे तू नेस, म्हणाले. ती म्हणाली, "मी कायले? तुह्यं हाय ते." पण घडीवरून फिरणारा हात काही तिनं काढला नाही. तो हात पाहून मला तेव्हा कळलं, की माहेरच्या लुगड्याची वाट ती नुसती माझ्यासाठी पाहत नव्हती.

आत्या आली, तिनं दोघींकडे पाहिलं आणि लुगडं उचललं. "उभी राय, वयनी." आईला हाताला धरून तिनं आतल्या खोलीत नेलं. स्वतः गुडघ्यांवर बसून निऱ्या घालू लागली, एकेक बोटानं मोजून. आईच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"रडू नोको व," आत्या खालूनच ओरडली, "निऱ्या हालून राह्यल्या."

आईनं डोळे पुसले नाहीत. दोन्ही हात वर धरून ती तशीच उभी राहिली.