झुलाल दगड शे

झुलाल तीन वर्षं दगड होता. खेळातला दगड, पण त्यानं ते असं काही मनावर घेतलं होतं की काय सांगू! दर रविवारी धुळ्याहून एसटीत अडीच तास हादरे खात जळगावला यायचा, पिंप्राळ्यात भिकनभाऊंच्या ओट्यावर चपला काढायचा, आत येऊन भिंतीला टेकायचा आणि तीन तास तोंड उघडायचा नाही. चहापुरतं तेवढं उघडायचा. मी म्हणायची, "का रे, दगडाला चहा चालतो वाटतं?" तर माझ्याकडे बघायचाही नाही.

मी मंदाबाई. आरटीओ ऑफिसच्या बाहेर लिंबाखाली टेबल टाकून मराठी टाइपरायटरवर लोकांचे अर्ज बडवते. माझ्या बोटांपेक्षा माझं तोंड जास्त चालतं असं लोक म्हणतात. म्हणोत. माझ्या मशीनचा 'र' जरा वर उडी मारतो, त्याबद्दलही लोक बोलतात. अर्ज मात्र माझ्याकडूनच करून घेतात.

माझ्या शेजारी भिकनभाऊंची खुर्ची. भिकनभाऊ एजंट. शिकाऊ लायसन, पक्कं लायसन, गाडी नावावर करणं, सगळं त्यांच्या पिशवीत. जगात जे काही अडतं ते कुठला तरी फॉर्म भरायचा राहिल्यामुळे अडतं, अशी या माणसाची पक्की समजूत. बायको माहेरी रुसून बसली तेव्हाही त्यांनी आधी मला विचारलं, "मंदाबाई, अर्ज लिहू का?"

अठ्ठ्याऐंशी साली भाऊ कुणाच्या तरी कामाला मुंबईला गेले आणि येताना एक खोकं घेऊन आले. वर रंगीत चित्र, खाली नाव 'वालदोर'. कुठल्या परदेशी कंपनीचा खेळ, मुंबईच्या एका खेळणीवाल्यानं लायसन घेऊन मराठीत काढलेला. आत नकाशा, वीस तोंडांचा फासा आणि पुस्तकं. दर तीन महिन्यांनी पुढचा भाग पोस्टानं यायचा. भाषांतर ज्यानं केलं त्याच्या हाताला सोनं लावावं! ड्रॅगनला त्यानं 'पंखवाला साप' केला होता आणि तो साप पानापानाला 'फुत्कारून उद्गारत' होता. आम्ही हसून हसून आडवे व्हायचो.

खेळ सोपा. भिकनभाऊ पुस्तकातून वाचून सांगणार की तुम्ही अमुक जंगलात आहात, समोर तमुक राक्षस आहे. आपण सांगायचं की आपण काय करतो. जमलं की नाही ते फासा ठरवणार. खेळणारे आम्ही तिघं. पाचोऱ्याचा घड्याळजी तोताराम चोर झाला, झुलाल भालाईत झाला. चेटकीण कुणी व्हायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही, मेल्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं.

झुलाल वीज बोर्डात लाइनमन. मूळचा धुळ्याकडच्या खेड्यातला, बोलणं सगळं अहिराणी. जळगावात नोकरीला असताना मोटारसायकलच्या लायसनसाठी भाऊंकडे आला आणि चिकटला. पुढे धुळ्याला बदली झाली, तरी रविवार सोडला नाही. माणूस तसा गप्पिष्ट. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मात्र अर्धी होती. एकदा मी विचारलं, कारण मी विचारतेच. तर म्हणाला, "एकजननी सांगं, 'लाइन बंद शे, चढ.' मी चढनू. लाइन चालू व्हती." तेव्हापासून कुणी तोंडी 'बंद आहे' म्हटलं की झुलाल खांबाला हातही लावायचा नाही. कागदावर लिहून, सही करून द्यायचं, मग चढायचा. ऑफिसात त्याला चक्रम म्हणायचे.

तर आठव्या भागाच्या शेवटी वालदोरमध्ये एक विहीर आली. आत डोकावायचं कुणी? झुलालला खांबावर सगळ्यांच्या आधी चढायची सवय. म्हणाला, "पहिले मी दखस." त्यानं डोकावलं, भाऊंनी पान उलटलं आणि वाचलं: 'जो प्रथम डोकावेल तो शिळा होईल. उतारा भाग नऊमध्ये.'

ठीक आहे, तीन महिन्यांचा प्रश्न, असं आम्हाला वाटलं. भाग नऊ काही आला नाही, कंपनीचं कार्ड आलं. आमच्या लायसनची मुदत एकतीस मार्च एकोणीसशे नव्वदला संपली आहे, यापुढे भाग निघणार नाहीत, वालदोर हे नाव आणि नकाशा कुणीही वापरू नये. खाली आभार मानले होते. आग लागो त्या आभाराला!

तोताराम रडवेला झाला. भिकनभाऊंचा चेहरा मात्र खुलला. "लायसन संपलंय ना? एवढंच ना?" ते म्हणाले. "मग रिन्यू करू!"

मी डोक्याला हात लावला. भाऊ ऐकतात थोडेच! तीन प्रतींत अर्ज करायला लावला. अर्जदाराचं नाव: झुलाल. व्यवसाय: शिळा. तीन पासपोर्ट फोटो. वर मेडिकल सर्टिफिकेट हवं म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिहून दिलं, 'प्रकृती स्थिर.' सगळं रजिस्टर्ड पोस्टानं मुंबईला गेलं.

तोवर नाव वापरायचं नाही म्हणून भाऊंनी वालदोर आमच्या नावावर करून घेतलं. गाडी नावावर करतात तसंच, म्हणाले. वालदोरचं झालं बाभूळखेडं. पंखवाल्या सापाला आम्ही आबा म्हणायला लागलो. मेहरूण तलाव उचलून नकाशाच्या मध्यावर ठेवला. कथा भाऊ मनानं सांगत. खेळ चालू राहिला, आणि खरं सांगते, पहिल्यापेक्षा बरा चालला.

अडचण एकच, झुलाल. खोकं उघडलं की दगड, खोकं मिटलं की माणूस. भाऊंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "झुलाल, सुटलास समज, चल." त्यानं खेळ संपेपर्यंत उत्तर दिलं नाही. निघताना ओट्यावर चपला घालता घालता म्हणाला, "भाऊ, तोंडी नको. लिखेल दखाडा."

"अरे, खेळ आहे हा!" मी ओरडले. "तीन तास मुक्यासारखा बसतोस, काय मिळतं तुला?"

"मी दगड शे, अक्का," तो म्हणाला. "दगड बोलस का?" आणि बस पकडायला गेला.

चार महिन्यांनी मुंबईचं उत्तर आलं. ते भाऊंनी मला लिंबाखाली वाचून दाखवलं. लायसन परदेशी कंपनीचं होतं, त्या कंपनीनं धंदाच बंद केला होता. शेवटची ओळ अशी होती: 'भाग नऊ मुळात लिहिलाच गेला नव्हता.' भाऊंनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. जगात न भरता येणारा फॉर्म त्या माणसानं पहिल्यांदाच बघितला असावा. झुलालला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. तो वाट बघत होता, बघू दे. मला वाटायचं, कंटाळेल आणि एक दिवस आपोआप बोलेल. तीन वर्षं झाली, बाबा नाही कंटाळला.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात झुलाल कामाच्या दिवशी लिंबाखाली उभा राहिला. बढती मिळाली होती आणि बदली थेट आरमोरीला. गडचिरोलीकडे. बदली रद्द करण्याचा अर्ज त्याला माझ्याकडून करून हवा होता. मी जीव ओतून टाइप केला. त्याची आई, तिचे गुडघे, सगळं घातलं. अर्ज दहा दिवसांत नामंजूर होऊन आला.

"आते तीन रविवार शेतस," तो म्हणाला. मग म्हणाला, "अक्का, भाग नऊ येईन का वं तवलोंग?"

मला इतका राग आला, इतका राग आला! त्याचा नाही. स्वतःचा. अहो, मी दिवसाला वीस अर्ज लिहिते. लोकांच्या जमिनीचे, पेन्शनचे, हरवलेल्या पासांचे. आणि हा माणूस तीन वर्षं एका कागदावाचून भिंतीला टेकून बसला होता. 'सुटलास समज' असं आम्ही त्याला शंभर वेळा म्हणालो. असंच तोंडी सांगून कुणीतरी त्याला एकदा खांबावर चढवलं होतं, हे माहीत असूनही म्हणालो. कागद घालून चार ओळी टाइप करायला मला कुणी धरलं होतं का?

त्या आठवड्यात मी भाग नऊ लिहिला. बत्तीस पानं. दुपारी गिऱ्हाईक आलं की हाकलून द्यायची. साप कसा फुत्कारून उद्गारतो ते मला पाठच होतं. भाऊंनी रबरी शिक्का करून आणला, गोल, मध्ये साप, भोवती 'बाभूळखेडे प्रादेशिक कार्यालय, पिंप्राळा'. तोतारामनं पानं शिवली. शेवटच्या पानावर भाऊंनी सही ठोकली आणि खाली तारीख घातली.

शेवटच्या रविवारी झुलाल आला, टेकला. भाऊंनी खोकं उघडलं आणि पुस्तक पुढे केलं. "भाग नऊ आला," म्हणाले. आवाज त्यांचा कापत होता, खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्यांना, एजंट असून.

झुलालनं पहिलं पान बघितलं. त्याचं अर्धं बोट एका अक्षरावर थांबलं. 'र'! वर उडालेला 'र'. महिन्यापूर्वीच त्याच्या बदलीच्या अर्जावर त्यानं तो बघितला होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले होते.

मग त्यानं सगळं पुस्तक वाचलं. बत्तीसच्या बत्तीस पानं. आम्ही तिघं समोर निकाल लागायचा असल्यासारखे बसलो. शेवटच्या पानावर उतारा होता: 'शिळेच्या मस्तकावर तापीचे पाणी शिंपडावे. भालाईत उठेल.' त्यानं सही बघितली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"लिखेल शे," तो म्हणाला.

भिकनभाऊंच्या बायकोनं, द्रौपदावहिनींनी, माठातलं पाणी आणलं. तापीचंच समजा. मी त्याच्या डोक्यावर शिंपडलं, जरा जास्तच ओतलं. झुलाल उठून उभा राहिला. तीन वर्षांनी खोकं उघडं असताना पहिल्यांदा बोलला.

"वहिनी," तो म्हणाला, "चहामा साखर कमी ऱ्हास. तीन वरीसफाईन."

हसता हसता माझे डोळे भरून आले. त्यानं बाभूळखेड्याच्या पूर्वेच्या दरवाज्यावर भाला मारला, वीस तोंडांच्या फाशावर वीस पाडले, आबा सापाला चितपट केलं आणि सहाच्या एसटीनं गेला. निघताना माझ्या पायाला हात लावला. मी म्हटलं, "चल हो, नाटकी कुठला."

मग सात महिने काही नाही. पत्र नाही, कार्ड नाही. मी त्याला रोज शिव्या घातल्या. जानेवारीत पार्सल आलं. वहीच्या कागदांचं पुस्तक, हातानं लिहिलेलं, सगळं अहिराणीत. शिवण तारेची आणि तारेला मीटरला लावतात तसं शिशाचं सील. वर लिहिलं होतं, 'भाग दहा'. रविवारी भाऊंनी सील तोडून वाचायला घेतलं. बाभूळखेड्यापलीकडे जंगल, जंगलात आणखी एक विहीर.

'अक्कानी सगळास्ना आधी डोकाई दखं,' भाऊंनी वाचलं. 'अक्का दगड व्हयन्या. उतारा भाग अकरामा. भाग अकरा मी सोता लई येसू.'

"स्वतः घेऊन येतो म्हणे! हलकट!" मी म्हटलं. ते माझं शेवटचं बोलणं.

म्हणजे सोमवार ते शनिवार बोलतेच, त्याशिवाय पोट कसं भरेल! पण रविवारी खोकं उघडलं की भिंतीला टेकते. गेल्या रविवारी तोताराम डोळ्यांदेखत चुकीच्या पुलावर गेला, माझी जीभ नुसती वळवळली. भाऊ म्हणाले, "मंदाबाई, सुटलात समजा, तेवढं सांगा त्याला." मी हललेही नाही. तोंडी नको.

चहा आला. झुलाल बोलल्यापासून द्रौपदावहिनी साखर अशी घालतात की चमचा उभा राहावा. गोडमिट्ट, घशाखाली उतरत नाही. सगळा प्याले. झुलाल आला की सांगेन.